आलिशान गाडीला टायर घेताना: पकड, हवा आणि खड्डा

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडीचे टायर बदलायची वेळ आली की आधी किमतीचा धक्का बसतो आणि मग गोंधळ सुरू होतो. एकाच मापाचे चार टायर दुकानदार समोर मांडतो. एकावर चांदणी, दुसऱ्यावर ‘एमओ’, तिसऱ्यावर ‘रनफ्लॅट’, चौथ्यावर यातलं काहीच नाही. एकेका नगामागे हजारोंचा फरक असतो आणि तो कशाचा, हे कुणी धड सांगत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे लांबणीवर टाकलेली खरेदी अनेकांनी मनावर घेतली. दुसरीकडे समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या वाचून लोक धास्तावले आहेत आणि ‘सगळ्यात भारी टायर टाका’ असं सांगून मोकळे होतात. पण भारी म्हणजे काय, यावरच सगळं अवलंबून आहे.

टायरच्या अंगावर काय लिहिलेलं असतं

समजा टायरवर ‘२२५/४५ आर १८ ९५ वाय एक्सएल’ असं आहे. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ४५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे १०१ मिलिमीटर. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची जी भिंत दिसते, ज्याला साइडवॉल म्हणतात, तिची ही उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल, १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.

पुढचे दोन तुकडे लोक वाचतच नाहीत आणि फसवणूक बहुधा तिथेच होते. ९५ हा भाराचा सांकेतिक आकडा आहे. ९५ किलो असा त्याचा अर्थ नाही. तक्त्यात ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो आणि ९८ म्हणजे ७५० किलो. ‘वाय’ हे वेगाचं अक्षर: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. ‘एक्सएल’ म्हणजे जास्त भार पेलण्यासाठी आतून मजबूत केलेला टायर. त्याच मापात ‘९१’चा साधा टायर स्वस्तात मिळतो आणि रिमवर बिनतक्रार बसतोही. पण गाडीला ९५ लागत असेल, तर चारही टायर मिळून भार पेलायची क्षमता ३०० किलोने कमी झाली. पाच माणसं, डिकीत सामान आणि मे महिन्यातला विदर्भ, एवढं जमून आलं की हा फरक भोवतो.

विजेवरच्या आलिशान गाड्यांमध्ये हे आणखी महत्त्वाचं, कारण बॅटरीमुळे त्यांचं वजन अडीच टनांच्या घरात जातं. त्यासाठी मापाच्या आधी ‘एचएल’ लिहिलेले टायर निघाले आहेत. २४५/४० आर १९ या मापात एक्सएल टायर ७५० किलो पेलतो, तर एचएल ८२५. मूळ टायरवर एचएल असेल तर बदलीचाही एचएलच घ्यायचा.

‘हाय परफॉर्मन्स’ म्हणजे मजबूत नव्हे

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. हाय परफॉर्मन्स टायर म्हणजे पकड जास्त असलेला टायर. तो जास्त टिकाऊ असतो किंवा खड्डे जास्त सोसतो, असं अजिबात नाही.

शाळेतलं खोडरबर आठवा. मऊ रबर कागदाला चांगलं धरतं, स्वच्छ खोडतं आणि महिन्याभरात संपतं. कडक रबर वर्षभर पुरतं, पण खोडताना घसरतं. टायरच्या रबराचंही तसंच. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो ती जागा साधारण पंज्याएवढी असते. पावणेदोन टनांची गाडी वळताना आणि थांबताना या चार पंज्यांच्या जिवावर असते. मिशेलिन पायलट स्पोर्ट, पिरेली पी झीरो, ब्रिजस्टोन पोटेन्झा, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ही घराणी पकडीच्या बाजूला झुकलेली. मिशेलिन प्रायमसी, पिरेली सिंटुराटो, ब्रिजस्टोन टुरान्झा ही ‘टूरिंग’ म्हणजे लांबच्या, आरामशीर प्रवासासाठीची. टूरिंग टायर आवाज कमी करतात, जास्त किलोमीटर चालतात आणि तरी त्यांची पकड रोजच्या वापराला भरपूर असते.

माझं स्पष्ट मत असं की महाराष्ट्रात आलिशान सेडान वापरणाऱ्या बहुतेकांसाठी चांगल्या कंपनीचा, योग्य भाराचा ताजा टूरिंग टायर हीच बरोबर निवड आहे. एम, एएमजी, आरएस जातीच्या गाड्या, म्हणजे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडीच्या वेगवान आवृत्त्या, आणि पोर्शे यांची गोष्ट वेगळी. त्यांचं सस्पेन्शन आणि ब्रेक त्या मऊ रबराला धरूनच बसवलेले असतात. तिथे टूरिंग टायर घालणं म्हणजे ब्रेकची ताकद वाया घालवणं.

टायरवर ‘ट्रेडवेअर ३००’ असाही आकडा दिसतो. ही अमेरिकी पद्धत. आकडा मोठा असेल तर झीज कमी, एवढाच अर्थ. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांत मात्र तो उपयोगी पडतो. शेजारचं ‘ट्रॅक्शन एए’ हे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरच्या पकडीचं माप आहे. वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते. त्यापेक्षा युरोपीय संघाच्या लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी (ए ते ई) बघा. ती आयात टायरवर चिकटवलेली असते किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. आपल्याकडे चार महिने पाऊस असल्याने त्या लेबलवरच्या इतर दोन गोष्टींपेक्षा, म्हणजे इंधन आणि आवाज यांपेक्षा, ही श्रेणी मोलाची.

१२० ची मर्यादा, मग ३०० चा टायर कशाला?

प्रश्न रास्त आहे. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला १००. मग व्ही किंवा वाय अक्षराचे पैसे कशाला मोजायचे?

कारण वेगाचं अक्षर म्हणजे खरं तर उष्णता सोसायची परीक्षा. प्रयोगशाळेत नवा टायर योग्य हवेत, ठरलेल्या भाराखाली, फिरत्या पोलादी ड्रमवर पळवून हे अक्षर मिळतं. आपला टायर तीन वर्षांचा असतो, हवा दोन-चार पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी असते, कधी तरी पंक्चर काढलेलं असतं. अक्षर आणि प्रत्यक्ष वेग यांच्यातली मोकळी जागा या उणिवा झाकते. शिवाय वरच्या अक्षराच्या टायरची साइडवॉल ताठ असल्याने स्टिअरिंग अचूक राहतं. गाडीच्या पुस्तिकेत जे अक्षर दिलंय त्याच्या खाली उतरू नका. वर चढायची गरज मात्र नाही.

टायर फुटतो कशाने

लोखंडी तार तोडायची असेल तर आपण ती दोन्ही बाजूंनी वाकवत राहतो. थोड्या वेळात वाकवलेली जागा बोटांना चटका देते, मग तार तुटते. टायरमध्ये हेच घडतं. रस्त्याला टेकलेला भाग दबतो, वर गेला की सुटतो. १८ इंची टायर ताशी १२० ला मिनिटाला सुमारे ९६५ फेरे मारतो. नागपूरहून निघून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचे ७०१ किलोमीटर म्हणजे साधारण ३ लाख ३८ हजार फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल एकदा वाकते. हवा बरोबर असेल तर ती थोडीच वाकते आणि तयार झालेली उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल तर ती जास्त वाकते, उष्णता साठत जाते, रबर आणि आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. फुटण्याआधी बहुधा हलकी थरथर जाणवते, पण गाण्यांच्या आवाजात ती कुणाच्या लक्षात येत नाही.

शहरात ही चूक लपते, कारण सिग्नल, गर्दी आणि वळणं टायरला वारंवार विश्रांती देतात. समृद्धीवर ही विश्रांतीच नसते. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुल्या झालेल्या नागपूर–शिर्डी या पहिल्या टप्प्यातच ५२० किलोमीटर जवळपास एकाच वेगाने जाता येतं. ‘काँक्रीट तापतं म्हणून टायर फुटतात’ हे अर्धसत्य आहे. उन्हात डांबर काँक्रीटपेक्षा जास्त तापतं. काँक्रीटच्या खरखरीत पृष्ठभागाने टायर झिजतो आणि आवाज वाढतो हे खरं, पण फोडणारी उष्णता मुख्यतः टायर स्वतःच वाकून तयार करतो.

त्यामुळे ‘उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, गरम झाल्यावर वाढते’ हा सल्ला धोकादायक आहे. हवा गरम झाल्यावर वाढते हे बरोबर, साधारण साडेपाच अंशांमागे १ पीएसआय. पण ही वाढ टायर बनवतानाच हिशेबात धरलेली असते. कमी हवेने सुरुवात केली की टायर आणखी तापतो. वाटेत थांबून गरम टायरमधली ‘वाढलेली’ हवा काढणंही त्याच कारणाने चूक.

किती हवा हवी, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे लिहिलेलं असतं. तिथे बहुतेक दोन रकाने असतात: दोन-तीन माणसांसाठी एक, भरलेली गाडी किंवा जास्त वेगासाठी दुसरा. अनेक गाड्यांत मागच्या टायरला पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते. महामार्गावर निघण्याआधी सकाळी, टायर थंड असताना, दुसऱ्या रकान्याप्रमाणे भरा. टायरच्या अंगावर ‘मॅक्स’ म्हणून दिलेला दाब ही टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीची गरज नव्हे. दुकानातला ‘सगळ्यांत ३५’ हा सरसकट हिशेबही तुमच्या गाडीला लागू असेलच असं नाही.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनने दाब थोडा हळू कमी होतो आणि दमटपणा टळतो. मोफत मिळत असेल तर घ्या. पण नायट्रोजन भरला म्हणून महिनामहिना दाब न तपासणं परवडणारं नाही.

चांदणी, एमओ, एओ

या खुणा म्हणजे गाडीच्या कंपनीने टायर कंपनीकडून आपल्यासाठी खास घडवून घेतलेली आवृत्ती. चांदणी बीएमडब्ल्यूची, एमओ मर्सिडीजची, एओ ऑडीची, ‘एन’ आणि पुढे आकडा पोर्शेचा. टायरचं नाव आणि नक्षी तीच असली तरी रबराचं मिश्रण, आतली बांधणी, आवाज यांत फरक असतो. शिंप्याकडून शिवून घेतलेला सदरा आणि त्याच मापाचा तयार सदरा, इतकाच तो फरक.

पोर्शेत ही खूण पाळा. बाकीच्या गाड्यांत माप, भार आणि वेगाचं अक्षर जुळत असेल तर खूण नसलेला टायर चालतो. फक्त चारही एकाच प्रकारचे हवेत. दोन चांदणीचे आणि दोन दुसऱ्या कंपनीचे अशी खिचडी केली की ओल्या वळणावर गाडीची पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी वागते.

चारचाकी ओढ असलेल्या गाडीत, म्हणजे एक्सड्राइव्ह, क्वाट्रो, ४मॅटिकमध्ये, आणखी एक काळजी. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. पुढचे नवे आणि मागचे ४ मिलिमीटरवर आले असतील तर दोन्हींचा घेर वेगळा होतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केस सतत घासत राहतो. हा फरक फार तर दोन-तीन मिलिमीटरच्या आत राखा. ट्रान्सफर केस दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्या पुढे जातो.

रनफ्लॅट ठेवायचा की काढायचा?

रनफ्लॅटची साइडवॉल इतकी जाड असते की हवा पूर्ण गेली तरी गाडी ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकते. म्हणूनच अनेक बीएमडब्ल्यूंमध्ये स्टेपनी नसते. जुलै २०२० च्या नियमबदलानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी ठेवण्याची सक्तीही नाही.

किंमत आरामाने चुकवावी लागते. जाड साइडवॉल खड्ड्याचा धक्का गिळत नाही, थेट रिमकडे आणि पाठीच्या मणक्याकडे पाठवते. म्हणून अनेकजण साध्या टायरकडे वळतात. वळायला हरकत नाही, पण चारही एकदम बदलायचे आणि गाडीत स्टेपनी, जॅक, पाना ठेवायचा. सीलंटच्या, म्हणजे टायरमध्ये सोडायच्या चिकट द्रवाच्या, बाटलीवर भिस्त ठेवू नका. सीलंट खिळ्याचं भोक बुजवतं, खड्ड्यात फाटलेली साइडवॉल नाही. रात्री-अपरात्री एकटं घाट ओलांडणाऱ्यांनी, किंवा ज्यांना चाक बदलणं झेपणार नाही अशांनी रनफ्लॅटच ठेवावा. ज्यांची गाडी बहुतेक शहरातच फिरते त्यांनी खुशाल बदलावा.

हवा नसताना पळवलेला रनफ्लॅट बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून साइडवॉलचा भुगा झालेला असू शकतो. तो दुरुस्त करून परत वापरायचा नाही. इतर टायरचं पंक्चर खाचांच्या मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिलिमीटरच्या आत असेल, तरच काढा, तेही टायर उतरवून आतून ‘मशरूम’ पॅच (छत्रीच्या आकाराचं, देठासकट ठिगळ) लावून. रस्त्याकडेला बाहेरून खुपसलेली चिकट दोरी तुम्हाला घरापर्यंत पोहोचवेल. त्यावर समृद्धी गाठू नका.

मोठं रिम घालावं का?

दिसायला छान, हे मान्य. पण रिम मोठं झालं की साइडवॉल कमी होते. २५५/३५ आर १९ मध्ये ती जेमतेम ८९ मिलिमीटर उरते. जमिनीवर गादी घालून झोपणं आणि सतरंजी घालून झोपणं यात जो फरक, तोच इथे. खड्ड्याची धार टायरला रिमच्या कडेवर चिमटते, साइडवॉलमधल्या दोऱ्या तुटतात आणि तिथे लिंबाएवढा फुगा येतो. तो फुगा म्हणजे आता फक्त रबराने अडवून धरलेली हवा. त्याला दुरुस्ती नाही आणि खड्ड्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीतही बसत नाही. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा साइडवॉलवरून हात फिरवा, आतल्या बाजूनेही.

उलटा मार्ग मात्र विचार करण्यासारखा आहे. २२५/४५ आर १८ ऐवजी २२५/५० आर १७ घेतलं तर चाकाच्या एकूण व्यासात ३ मिलिमीटरचाही फरक पडत नाही, स्पीडोमीटर बिघडत नाही आणि साइडवॉल सुमारे ११ मिलिमीटरने उंच होते. अट एकच: हे माप तुमच्याच इंजिनाच्या, तुमच्याच ब्रेकच्या गाडीसाठी कंपनीच्या यादीत असलं पाहिजे. मोठ्या ब्रेकच्या गाडीत १७ इंची रिम कॅलिपरवर, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या पकडीवर, घासतं.

पावसात किती खाच उरली पाहिजे

टायरच्या खाचेत एक छोटी उंच पट्टी असते. खाच १.६ मिलिमीटरवर आली की ती पट्टी पृष्ठभागाशी समतल होते. त्या टप्प्याला टायर संपला, असं धरतात. कोकणात, मुंबईत, घाटात ही वाट बघू नका. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण बाहेर फेकायचं पाणी जास्त असतं. ३ मिलिमीटरवर आला की जूनच्या आधी बदला. खोली मोजायची गेज काही शे रुपयांत मिळते.

चारही टायर एकाच मापाचे असून दोनच घ्यायचे झाले, तर नवे मागे टाका. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी फिरते.

पैसे देण्याआधी

टायरच्या साइडवॉलवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. ते बघा. ‘२३२५’ म्हणजे २०२५ मधला २३ वा आठवडा. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित यादीत गेली आणि परवान्याची गरज पडू लागली, त्यामुळे काही मापांचा माल कमी येतो आणि दुकानात पडून राहिलेला जुना टायर ‘शेवटचे दोन उरलेत’ म्हणून पुढे केला जातो. चारही टायरची तारीख तपासा. वर्षाच्या आतले मागा. आयएसआय खूणही पाहा, ती नसलेला टायर बहुधा आडमार्गाने आलेला असतो.

आलिशान गाड्या अनेकदा वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालतात. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात: रबर कडक पडतं, बारीक चिरा येतात. खाच भरपूर दिसत असली तरी सहाव्या वर्षानंतर त्यांच्यावर महामार्गाचा भरवसा ठेवू नका.

बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, बाण असेल तर तो पुढच्या फिरण्याच्या दिशेने आहे ना, हे स्वतः बघा. आवाज कमी करायला आत फोम लावलेला असेल तर दुकानदाराला आधी सांगा. पॅच लावताना तेवढा फोम कापावा लागतो. बोल्ट शेवटी टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. बहुतेक जर्मन गाड्यांत हा जोर १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, नेमका पुस्तिकेत मिळतो. हवेच्या बंदुकीने कचकचून आवळलेला बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्याने सुटत नाही. अलाइनमेंट करा, दाबाची यंत्रणा नव्याने सेट करा. पहिले ३०० किलोमीटर जरा जपून चालवा, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला गुळगुळीत थर निघेपर्यंत नव्या टायरची पकड पूर्ण येत नाही. ५०-१०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा एकदा त्याच पान्याने तपासून घ्या.